पार्सल थांबते कुठे? कामरगावपासून सातासमुद्रापारपर्यंतच्या टपालाचा शोध

आंतरराष्ट्रीय टपालाने पाठवलेले पार्सल उशिरा पोचते, ही तक्रार जितकी जुनी आहे तितकीच ती ढोबळही आहे, कारण ‘उशीर’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या कारणांनी, निरनिराळ्या ठिकाणी आणि निरनिराळ्या लोकांच्या हातून होणारे अनेक खोळंबे एकत्र बांधले जातात. गावच्या पोस्टातून निघालेले पार्सल परदेशातील दारापर्यंत जाते तेव्हा ते किमान दोन देशांच्या टपाल खात्यांच्या, दोन देशांच्या सीमाशुल्क विभागांच्या (म्हणजे कस्टम्सच्या) आणि एखाद्या तरी विमान कंपनीच्या ताब्यातून जाते. या पाचांपैकी कोणावरही उरलेल्या चौघांचा हुकूम चालत नाही. त्यामुळे पार्सल किती दिवसांत पोचेल, या प्रश्नापेक्षा ते या क्षणी नेमके कोणाच्या ताब्यात आहे आणि तेथून ते का हलत नाही, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. टपालाची विश्वासार्हताही केवळ वेगावर मोजून चालत नाही. दर वेळी वीस दिवस घेणारी सेवा आणि कधी आठ, तर कधी साठ दिवस घेणारी सेवा यांत पहिली सावकाश असली तरी तीच भरवशाची म्हणावी लागते, कारण तिच्या बेताने घराला आपली तयारी करता येते.

हा प्रश्न महानगरातून पाहिला तर त्याच्या काही बाजू झाकल्या जातात. महानगरात खासगी कुरिअरची दुकाने हाकेच्या अंतरावर असतात आणि टपाल हा अनेक पर्यायांपैकी एक असतो. वाशिम जिल्ह्याच्या कारंजा तालुक्यातील कामरगावसारख्या गावातून पाहिल्यास चित्र बदलते. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्यावर चालणाऱ्या या टापूतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी मुले पुण्या-मुंबईला आणि तेथून पुढे परदेशी जातात, आणि मागे राहिलेल्या घराला त्यांच्याशी वस्तूंच्या रूपाने जोडून ठेवण्याचे सरकारी, परवडणारे आणि ओळखीचे साधन म्हणजे पोस्ट. देशातील सुमारे १ लाख ६४ हजार डाकघरांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास डाकघरे ग्रामीण भागात आहेत. म्हणून आंतरराष्ट्रीय पार्सलाच्या भरवशाचा प्रश्न हा मूलतः ग्रामीण भारताचाही प्रश्न आहे.

एकाच नावाची तीन गावे

पार्सलाचा पहिला खोळंबा विमानतळावर होत नाही, तो पत्त्यात होतो. ‘मु. पो. कामरगाव, ता. कारंजा (लाड), जि. वाशिम’ हा पत्ता मराठी माणसाला पुरेसा वाटतो. ‘मु. पो.’ म्हणजे मुक्काम आणि पोस्ट दोन्ही तेच, तालुका अमुक, जिल्हा तमुक, अशी ही जुनी आणि नेमकी रीत आहे. परंतु परदेशातील संगणकीय अर्जात घरक्रमांक, रस्ता, शहर आणि राज्य असे रकाने असतात, तालुका आणि जिल्हा यांना तेथे स्वतंत्र जागा नसते, आणि मग तालुका रस्त्याच्या रकान्यात, तर जिल्हा शहराच्या रकान्यात जाऊन बसतो. कामरगाव नावाचे एक गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या नगर तालुक्यात पुण्याच्या रस्त्यावर आहे आणि आणखी एक थेट आसामच्या गोलाघाट जिल्ह्यात आहे. कारंजा हे नावही एकट्या वाशिमचे नाही. वर्धा जिल्ह्यात कारंजा (घाडगे) आहे, रायगड जिल्ह्यात उरणजवळ कारंजा आहे आणि वाशिम जिल्ह्यातील गावाला म्हणूनच कारंजा (लाड) म्हणतात. त्यातच वाशिम हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला असल्यामुळे जुन्या वह्यांत आणि जुन्या कागदपत्रांत ‘जि. अकोला’ असाच पत्ता सापडतो, आणि त्यापूर्वी परदेशी गेलेला माणूस आजही सवयीने तोच लिहितो.

या गोंधळावरचा उपाय एका मराठी माणसाने देशाला दिला. सारख्या नावांची गावे, निरनिराळ्या लिप्या आणि इंग्रजीत एकाच नावाची अनेक स्पेलिंगे यांमुळे टपालाची वर्गवारी चुकते, हे ओळखून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी पिन, म्हणजे सहा अंकी टपाल निर्देशांकाची पद्धत आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून लागू झाली. वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि त्याचबरोबर संस्कृतचे कवी व नाटककार होते. त्यांच्या पद्धतीत पहिला अंक विभाग सांगतो आणि ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा आहे. दुसरा अंक त्या विभागातील उपविभाग, तिसरा अंक वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक प्रत्यक्ष वाटप करणारे डाकघर दाखवतात. कारंजा, अकोला, अमरावती, वाशिम या परिसराचे पिन ४४४ ने सुरू होतात. नगर तालुक्यातील कामरगावचा पिन ४१४ च्या वर्गातला आहे आणि आसामचा तर ७ ने सुरू होतो. म्हणजे पत्त्यातील सर्व अक्षरे अशुद्ध पडली तरी सहा अंक शुद्ध असल्यास पार्सल योग्य दिशेला लागते, आणि सर्व अक्षरे शुद्ध असून एक अंक चुकला तर ते दुसऱ्याच जिल्ह्याची वारी करून परत येऊ शकते. टपाल खात्याने २७ मे २०२५ रोजी डिजिपिन नावाची आणखी एक पद्धत पुढे आणली असून तीत देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांब-रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा चिन्हांचा संकेत दिला आहे. घरांना क्रमांक नसलेल्या आणि गल्ल्यांना नावे नसलेल्या गावांना तिचा सर्वाधिक उपयोग होण्यासारखा आहे.

थैलीचा प्रवास

कामरगावात तयार झालेले पार्सल पूर्वी मांजरपाटात दाभणाने शिवून, जोडांवर लाखेचे शिक्के मारून पोस्टात नेत. आता पुठ्ठ्याच्या खोक्याला चिकटपट्टी लावली जाते, पण पुढचा प्रवास तत्त्वतः तोच आहे. डाकघरात वजन होते, मूल्य आणि वस्तू यांची नोंद होते, पावती मिळते आणि पार्सल थैलीत बंद होते. येथून पुढे बहुतेक टप्प्यांवर सुटे पार्सल हाताळले जात नाही, थैली हाताळली जाते. गावाकडून तालुक्याला, तेथून वर्गवारीच्या मोठ्या केंद्राला आणि रस्त्याने किंवा मुंबई–हावडा लोहमार्गाने पुढे, असा तिचा क्रम असतो. समृद्धी महामार्ग कारंजा तालुक्यातून जातो आणि त्याचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यामुळे मुंबईपर्यंतचा रस्ता आता फारसा अडसर राहिलेला नाही. देशांतर्गत टप्प्यात जो वेळ जातो तो मुख्यतः थैली भरण्याची वाट पाहण्यात, ठरलेली गाडी चुकण्यात आणि सुट्टीच्या दिवसांत जातो.

परदेशी टपालाचे खरे दार म्हणजे विनिमय कार्यालय. एका देशाचे टपाल खाते दुसऱ्या देशाच्या टपाल खात्याला थैल्या जेथून सुपूर्द करते, किंवा त्याच्याकडून जेथे स्वीकारते, त्या अधिकृत ठिकाणाला विनिमय कार्यालय म्हणतात. मुंबईच्या बॅलार्ड इस्टेट भागातील विदेश डाकघर हे महाराष्ट्राच्या दृष्टीने या व्यवहाराचे जुने केंद्र होय. आगबोटीने येणारी विलायती डाक येथल्या बंदरात उतरत असे, त्या काळाशी या परिसराचे नाते आहे. येथे टपाल खात्याच्या शेजारी कस्टम्सचे अधिकारी बसतात, पार्सल क्ष-किरण यंत्रातून जाते, संशय आल्यास उघडले जाते आणि नंतर ज्या देशाला जायचे त्या देशाच्या थैलीत बंद होऊन विमान कंपनीच्या ताब्यात दिले जाते.

विमान कंपनीच्या ताब्यातील काळ हा सामान्य माणसाला सर्वांत कमी ठाऊक असलेला काळ आहे. टपालाची स्वतःची विमाने परदेशी उडत नाहीत, टपालाच्या थैल्या बहुतांशी प्रवासी विमानांच्या पोटात उरलेल्या जागेत जातात. प्रवाशांचे सामान अधिक झाले, इंधन अधिक घ्यावे लागले किंवा मालाला अधिक भाव मिळाला, तर थैली उतरवून पुढच्या विमानासाठी ठेवली जाते. प्रवासी विमाने थांबली की टपालही थांबते, हे २०२० साली सर्वांनी अनुभवले. भारताने २३ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे बंद केली आणि ती पूर्ववत सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडले. मधल्या काळात मालवाहू आणि विशेष विमाने चालू असली तरी टपालाच्या वाट्याची नेहमीची जागा नाहीशी झाली होती. समुद्रमार्गाने जाणाऱ्या टपालाचीही हीच कथा आहे. २०२१ च्या मार्चमध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात सहा दिवस आडवे अडकले आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा युरोपची वाट आठवड्या-दोन आठवड्यांनी लांबली.

एक जग, एक टपाल

दोन देशांची टपाल खाती एकमेकांच्या थैल्या का स्वीकारतात, याचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या एका करारात आहे. ९ ऑक्टोबर १८७४ रोजी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे २२ देशांनी टपालाचा सामायिक करार केला, त्यातून आजची जागतिक टपाल संघटना उभी राहिली आणि भारत १ जुलै १८७६ रोजी तिचा सदस्य झाला. आज तिचे १९२ सदस्य आहेत. करारामागची कल्पना अशी की टपालापुरते सर्व सदस्य देश मिळून एकच प्रदेश मानावा आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे टपाल आपलेच समजून वाटावे. पार्सलांसाठीचा वेगळा करार १८८० साली पॅरिस येथे झाला. पत्रांच्या बाबतीत आरंभी प्रत्येक देश आपल्या तिकिटांचे पैसे स्वतःकडे ठेवत असे, कारण जितकी पत्रे जातात तितकी उत्तरे येतात, असे गृहीत होते. हे गृहीत पुढे टिकले नाही, म्हणून १९६९ च्या टोकियो अधिवेशनात पाठवणाऱ्या देशाने वाटप करणाऱ्या देशाला मोबदला द्यावा, अशी पद्धत आली. पार्सलांसाठीही असाच मोबदला ठरलेला आहे. कामरगावात भरलेल्या शुल्काचा एक वाटा न्यू जर्सीत दार ठोठावणाऱ्या टपालवाल्यापर्यंत पोचतो, तो या व्यवस्थेमुळे.

मराठी समाजाचा या व्यवस्थेशी संबंध फार लवकर आला. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव हे टपाल खात्यात नोकरीला होते. त्यांच्या बदल्यांबरोबर आनंदीबाईंचे बिऱ्हाड फिरले, आणि न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला तो पत्रांतूनच. कलकत्त्यात आनंदीबाईंची प्रकृती बिघडू लागली तेव्हा कार्पेंटरबाईंनी अमेरिकेतून औषधे पाठवली. १८८३ साली आनंदीबाई स्वतः समुद्र ओलांडून गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी त्यांना फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळाली. त्या काळी अमेरिकेच्या टपाल खात्याची देशांतर्गत पार्सल सेवाही अस्तित्वात नव्हती, ती १ जानेवारी १९१३ रोजी सुरू झाली. एका मराठी घरासाठी समुद्रापारून औषध येणे हा तेव्हा अपवाद होता. आज लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून उभे आहे, परदेशातील मराठी कुटुंबांची तिसरी पिढी मोठी होत आहे, आणि औषध, पुस्तक, राखी व फराळ ही समुद्र ओलांडणारी नित्याची सामग्री झाली आहे.

तेरा चिन्हांची ओळख

पार्सलाचा माग ज्या क्रमांकावरून काढता येतो तो तेरा चिन्हांचा असतो आणि त्याची घडण जगभर सारखी आहे. आरंभी दोन इंग्रजी अक्षरे सेवा सांगतात. ‘ई’ ने सुरू होणारी जोडी जलद टपालाची, ‘सी’ ने सुरू होणारी पार्सलाची आणि ‘आर’ ने सुरू होणारी नोंदणीकृत टपालाची. नंतर आठ अंक, मग एक पडताळा अंक आणि शेवटी पाठवणाऱ्या देशाची दोन अक्षरे, भारतासाठी ‘आय’ आणि ‘एन’, अशी ही रचना आहे. पडताळा अंक आधीच्या आठ अंकांवरून निघतो. समजा ते आठ अंक १२३४५६७८ आहेत. त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९ आणि ७ यांनी गुणायचे; गुणाकार येतात ८, १२, १२, ८, १५, ३०, ६३ आणि ५६; त्यांची बेरीज २०४; तिला ११ ने भागल्यावर बाकी ६; आणि ११ मधून ६ वजा केल्यावर ५. हा पाच म्हणजे पडताळा अंक. पावतीवरून क्रमांक लिहून घेताना एखादा अंक चुकला किंवा दोन अंकांची अदलाबदल झाली, तर संगणक बहुधा तो क्रमांक नाकारतो. ‘पार्सल सापडत नाही’ असे वाटण्याची काही प्रकरणे अशा लेखनाच्या चुकीपाशीच संपतात.

या क्रमांकाखाली दिसणाऱ्या नोंदीही ठरलेल्या आहेत. पार्सल स्वीकारले, विनिमय कार्यालयात पोचले, तेथून निघाले, परदेशी विनिमय कार्यालयात आले, कस्टम्सकडे थांबले, तेथून सुटले, वाटपाच्या डाकघरात पोचले आणि दिले, अशा टप्प्यांची नोंद एका देशाचे संगणक दुसऱ्या देशाच्या संगणकांना कळवतात. यांतील ‘निघाले’ आणि ‘तेथे आले’ या दोन नोंदींच्या मधली शांतता ही घराला सर्वाधिक काळजीत टाकणारी असते. ‘निघाले’ याचा अर्थ विमान उडाले असा होत नाही. पार्सल थैलीत बंद होऊन विनिमय कार्यालयाच्या हिशेबातून बाहेर पडले, एवढाच त्याचा अर्थ असतो. त्यानंतर थैली विमानतळावर जागेची वाट पाहत पडून असू शकते, दुसऱ्या देशात विमान बदलताना मागे राहू शकते, किंवा पोचूनही न उघडलेल्या थैल्यांच्या राशीत असू शकते. या सर्व काळात पार्सल हरवलेले नसते, मात्र त्याची नवी नोंद कोणी करत नाही. थैलीच्या हालचालीची माहिती टपाल खाती आणि विमान कंपन्या यांच्यात असतेच. ती पार्सलाच्या क्रमांकाशी जोडून ग्राहकाला दाखवणे ही तांत्रिकदृष्ट्या अशक्य गोष्ट नाही, आणि विश्वास वाढवण्याचा याहून स्वस्त मार्गही नाही.

‘खाऊ’ असे लिहून भागत नाही

आजच्या काळात पार्सल थांबण्याचे सर्वांत मोठे कारण त्याच्यावरच्या कागदात असते. सीएन २२ आणि सीएन २३ ही दोन सीमाशुल्क घोषणापत्रे आहेत. पहिले दोन किलोपर्यंतच्या, कमी किमतीच्या लहान पुडक्यांसाठी आणि दुसरे, अधिक तपशिलाचे, पार्सलांसाठी. त्यांत वस्तूचे वर्णन, संख्या, वजन, मूल्य, मूळ देश आणि पाठवण्याचा हेतू लिहावा लागतो, आणि ते इंग्रजीत, फ्रेंचमध्ये किंवा ज्या देशाला पार्सल जायचे त्या देशाला चालेल अशा भाषेत लिहावे लागते. घोषणापत्राची ही माहिती आता पार्सलाच्या आधी संगणकाने पुढे जावी लागते. तिला आगाऊ इलेक्ट्रॉनिक माहिती म्हणतात. अमेरिकेने २०१८ च्या कायद्याने तिचा आग्रह धरला आणि युरोपीय संघाने १५ मार्च २०२१ पासून टपालासाठी ती आवश्यक केली. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून स्वस्त वस्तूंवरची करमाफीही काढून टाकली. त्यामुळे ‘खाऊ’, ‘घरगुती सामान’ किंवा ‘भेटवस्तू’ एवढे मोघम वर्णन असलेले पार्सल परदेशी अधिकाऱ्यापुढे एक प्रश्न म्हणून जाते, आणि उत्तर मिळेपर्यंत ते बाजूला ठेवले जाते.

दिवाळीच्या फराळाचा डबा घेतला तर ही गोष्ट स्पष्ट होते. कामरगावातल्या घरात भाजणीची चकली, पोह्यांचा चिवडा, शंकरपाळे, खोबऱ्याची करंजी, अनारसे आणि बेसनाचे लाडू तयार होतात. घोषणापत्रात त्यांची एकच ओळ लिहिणे सोपे असते, पण परदेशी नियम प्रत्येक जिन्नस वेगळा पाहतात. युरोपीय संघ बाहेरच्या देशांतून खासगी पार्सलाने दूध आणि मांस यांचे पदार्थ येऊ देत नाही, म्हणून पेढे, बर्फी आणि तुपाचा डबा यांची तेथे अडचण होते. ऑस्ट्रेलिया जैवसुरक्षेच्या कारणाने बियाणे, वनस्पतीचे भाग आणि दुग्धजन्य पदार्थ फार काटेकोरपणे तपासते. अमेरिकेत २००२ च्या जैवदहशतवादविरोधी कायद्यानुसार टपालाने येणाऱ्या खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना त्या देशाच्या अन्न व औषध प्रशासनाला द्यावी लागते, परंतु एखाद्या व्यक्तीने स्वतःच्या घरी केलेला आणि तिनेच वैयक्तिक भेट म्हणून पाठवलेला पदार्थ या अटीतून वगळलेला आहे. म्हणजे ‘घरी केलेला पोह्यांचा चिवडा, एक किलो, वैयक्तिक भेट, विक्रीसाठी नाही’ असे इंग्रजीत नेमके लिहिण्याला कायद्याने किंमत आहे. हे वाक्य कसे लिहावे हे सांगणारा मराठी तक्ता डाकघराच्या भिंतीवर असेल तर चिवडा मऊ पडण्याआधी आणि करंजीचे खोबरे खवट होण्याआधी डबा पोचण्याची शक्यता वाढते.

२०२५ ची दिवाळी

नियम बदलला आणि यंत्रणा तयार नसली तर काय होते, याचा धडा २०२५ साली मिळाला. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना सीमाशुल्क माफ होते, ती माफी ३० जुलै २०२५ च्या आदेशाने काढून घेण्यात आली आणि बदल २९ ऑगस्टपासून लागू झाला. शुल्क कोणी गोळा करावे, कोणत्या पद्धतीने भरावे, हे स्पष्ट नव्हते. विमान कंपन्यांनी टपाल स्वीकारण्यास असमर्थता दाखवली, आणि भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून पत्रे, कागदपत्रे व १०० डॉलरपर्यंतच्या भेटवस्तू वगळता अमेरिकेचे टपाल घेणे थांबवले. आठवडाभरातच ही सवलतही संपली आणि पत्रांसह सर्व टपाल बंद झाले. हे केवळ भारतात घडले नाही. जागतिक टपाल संघटनेने सप्टेंबरच्या आरंभी सांगितले की ८८ टपाल खात्यांनी अमेरिकेची सेवा पूर्णतः किंवा अंशतः थांबवली असून अमेरिकेकडे जाणारे टपाल ८० टक्क्यांहून अधिक घटले आहे.

दिल्ली आणि महाराष्ट्र परिमंडळांत चाचण्या झाल्यावर भारताची सेवा १५ ऑक्टोबर २०२५ रोजी पुन्हा सुरू झाली. नव्या पद्धतीत शुल्क पाठवतानाच भरायचे असते. तिला शुल्क भरून वितरण म्हणतात, आणि अमेरिकी कस्टम्सने मान्य केलेल्या मध्यस्थामार्फत ती रक्कम तिकडे जमा होते. त्या वेळी भारतातून टपालाने जाणाऱ्या मालावर घोषित मूल्याच्या ५० टक्के असा सरसकट दर जाहीर झाला होता. पद्धत म्हणून ही सुधारणाच आहे, कारण परदेशात पार्सल दारात आल्यावर अचानक पैसे मागितले जाण्याचा आणि ते न भरल्यामुळे पार्सल परत फिरण्याचा धोका तीत कमी होतो. मात्र त्या वर्षी वसुबारस १७ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होते. फराळ पाठवण्याचे नेमके सहा-सात आठवडे दार बंद राहिले, आणि १५ तारखेला ते उघडले तेव्हा विदर्भातल्या गावातून निघालेला डबा सणाला पोचण्याची शक्यता उरली नव्हती. अमेरिकेतील मुलांच्या घरी त्या दिवाळीत गावच्या पोस्टाने फराळ गेला नाही, आणि त्यात ना पाठवणाऱ्याची चूक होती, ना गावच्या पोस्टमास्तरांची.

उलट दिशेलाही नियमांचा असाच परिणाम होतो. परदेशातून भारतात भेट म्हणून येणाऱ्या वस्तूंना पूर्वी ठरावीक मर्यादेपर्यंत शुल्कमाफी मिळे. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने जीवरक्षक औषधे आणि राखी यांचा अपवाद ठेवून ती वाट बंद केली. पूर्ण शुल्क भरून भेटवस्तू आणता येते, पण लेकाने पाठवलेल्या लहानशा वस्तूसाठी पोस्टमन पैसे का मागतो, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते, आणि मग रोष कायद्याऐवजी पोस्टमनवर निघतो.

उशिराची भरपाई नाही

उशीर झाला तर हक्क काय, याचे उत्तर निराशाजनक आहे. १८९८ च्या भारतीय डाकघर कायद्याने खात्याला गहाळ होणे, चुकीचे वाटप आणि विलंब यांच्या जबाबदारीतून मोठ्या प्रमाणात मुक्त ठेवले होते. त्याच्या जागी आलेला २०२३ चा डाकघर कायदा १८ जून २०२४ पासून अमलात आला, आणि त्यानेही नियमांत सांगितलेल्या मर्यादेपलीकडे जबाबदारी स्वीकारलेली नाही. आंतरराष्ट्रीय करारात पार्सल हरवल्यास भरपाई आहे, पण ती वजनावर मोजली जाते, आणि उशिरामुळे सण हुकल्याची किंमत त्यात धरलेली नाही. चौकशीचा अर्ज मात्र प्रत्येकाचा हक्क आहे आणि तो पार्सल पोस्टात दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. पावती जपून ठेवली नाही तर हा हक्कही हातचा जातो.

या सर्व पाहणीतून एक निष्कर्ष निघतो. विमानातली जागा, परदेशी कायदे आणि समुद्रातली युद्धे कामरगावच्या हातात नाहीत. परंतु पत्ता, पिन, घोषणापत्र आणि वेळ या चार गोष्टी गावच्या काउंटरवरच ठरतात, आणि टाळता येण्याजोगा उशीर मोठ्या प्रमाणात तेथेच टाळता येतो. देशातील डाकघरे ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत नव्या संगणक प्रणालीवर आली आहेत आणि लहान उत्पादकांना परदेशी माल पाठवता यावा म्हणून हजाराहून अधिक डाकघर निर्यात केंद्रेही उघडली गेली आहेत. यंत्र खेड्यापर्यंत पोचले असेल तर त्याच्यामागोमाग मराठीतले मार्गदर्शनही पोचले पाहिजे. नमुन्यादाखल भरलेले सीएन २३, देशवार चालणाऱ्या व न चालणाऱ्या पदार्थांची यादी, थैली सध्या कोठे आहे याची नोंद आणि सेवा बंद पडताच मोबाइलवर येणारा मराठी संदेश, एवढी मागणी टपाल खात्याकडे करणे हे ग्रामीण ग्राहकाचे रास्त म्हणणे आहे. ज्या खात्याने पिनसारखी व्यवस्था देशाला दिली त्याला हे जड जाऊ नये.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली, आणि दिवाळी अंक आजही फराळाच्या डब्याबरोबर परदेशी जातात. एका वर्षीच्या डब्याची वेळ टळली, तरी पुढच्या वर्षीची टळलेली नसते. घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंत संपूर्ण आश्विन महिना मिळतो. ज्यांना परदेशी डबा पाठवायचा आहे त्यांनी दूध-तुपाचे आणि लवकर खवट होणारे पदार्थ बाजूला ठेवून टिकणारा जिन्नस घट बसण्यापूर्वी पोस्टात द्यावा, पिनचे सहा अंक दोनदा वाचावेत, प्रत्येक पदार्थाची वेगळी ओळ लिहावी आणि पावती डबा पोचल्याचा फोन येईपर्यंत जपून ठेवावी.